डिझेल पिकअपचा आवाज : शिट्टी, गर्जना आणि शक्तीचा भ्रम

अमेरिकेतील एखाद्या लहान शहराच्या रस्त्यावरून डिझेल इंजिनाचा मोठा पिकअप ट्रक जाऊ लागला, की दोन आवाज एकाच वेळी कानी पडतात. एक असतो विमानाच्या इंजिनासारखा चढत जाणारा तीव्र स्वर, तर दुसरा खिडक्यांच्या काचा थरथरवणारा खर्जातील घरघराट. पहिला आवाज टर्बोचार्जरचा आणि दुसरा धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट नळीचा. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीत हे दोन्ही आवाज अभियंत्यांनी परिश्रमपूर्वक दाबलेले असतात. ते पुन्हा मोकळे करणे हा तेथील अनेक वाहनप्रेमींचा छंद आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठही उभी राहिली आहे.

भारतातही हा छंद अपरिचित नाही. मोटारसायकलींच्या फटाक्यासारख्या वाजणाऱ्या सायलेन्सरांनी शहरवासीयांची झोप कधीच उडवली आहे. २०१६ मध्ये इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटा हायलक्स भारतीय बाजारपेठेत दाखल झाल्यानंतर हौसेखातर पिकअप बाळगणारा वर्गही येथे तयार झाला. त्यामुळे हा आवाज निर्माण कसा होतो, तो बदलला जातो कसा आणि त्या बदलाची किंमत कोण मोजतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

शेतावरून शहरात

डिझेल पिकअपची ही आवड मूळची अमेरिकेची. मोठी शेते, जनावरे वाहून नेणारे ट्रेलर आणि लांबचे रस्ते यांमुळे तेथे जड ओझे ओढणाऱ्या पिकअपची गरज होती. डॉज कंपनीने १९८९ च्या मॉडेलपासून आपल्या रॅम पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन बसवले. १९९४ मध्ये फोर्डचे ‘पॉवर स्ट्रोक’ आणि २००१ मध्ये जनरल मोटर्सचे ‘ड्युरामॅक्स’ आले. या तीन नावांभोवतीच तेथील डिझेलप्रेमींचे जग आजही फिरते.

१९८९ च्या त्या कमिन्स इंजिनाची क्षमता १६० अश्वशक्ती होती. आज त्याच कंपनीचे पिकअपमधील ६.७ लिटरचे इंजिन ४०० हून अधिक अश्वशक्ती देते. शक्ती अडीच पटींनी वाढली. आवाज मात्र कमालीचा घटला. जुन्या इंजिनात इंधन एकदम पेटत असे आणि दाब अचानक वाढून ‘खडखड’ होत असे. कॉमन रेल तंत्राने, अर्थात अतिउच्च दाबाखालील इंधन एकाच वेळी न सोडता टप्प्याटप्प्याने सोडण्याच्या पद्धतीने, ही खडखड मंदावली. ज्यांचे कान जुन्या गाड्यांवर तयार झाले होते, त्यांना नवी गाडी ‘मुकी’ वाटू लागली. आवाज वाढवण्याच्या हौसेचे मूळ पुष्कळ अंशी या हळहळीत आहे.

शिट्टी कशी वाजते?

टर्बोचार्जरची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असते. ती वाया न घालवता तिच्यावर एक चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवले जाते. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला कंप्रेसरचे चक्र असते. ते बाहेरची हवा खेचून, दाबून इंजिनात ढकलते. हवा जास्त मिळाली, की जास्त इंधन जाळता येते आणि शक्ती वाढते.

हा आस मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. शिट्टीचे रहस्य या गतीत आणि पात्यांच्या संख्येत दडलेले आहे. समजा, आस मिनिटाला ६० हजार वेळा फिरतो आहे, म्हणजे सेकंदाला एक हजार फेरे. कंप्रेसरच्या चक्राला सहा मुख्य पाती असतील, तर एका सेकंदात सहा हजार वेळा पाते हवा कापते आणि सहा हजार हर्ट्झचा स्वर उमटतो. गती वाढली की स्वर चढतो. मनुष्याच्या कानाची मर्यादा साधारण २० हजार हर्ट्झची असल्याने अतिवेगाने फिरणाऱ्या लहान टर्बोचा स्वर ऐकू येण्याच्या सीमेकडे सरकतो. मोठा टर्बो तुलनेने सावकाश फिरतो, म्हणून त्याची शिट्टी अधिक ठळक ऐकू येते.

दुसरा एक आवाज अनेकांना भुरळ घालतो. चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय अचानक उचलला, की पाखराने पंख फडफडवावेत तसा ‘फडफड’ ध्वनी येतो. इंजिनाची हवेची मागणी घटलेली असते, पण टर्बो वेगातच फिरत असतो. दाबलेली हवा पुढे जाऊ न शकल्याने कंप्रेसरकडे उलटी फिरते. अभियांत्रिकीच्या भाषेत हे ‘सर्ज’ होय. क्वचित घडल्यास बिघडत नाही. मात्र ओझे ओढताना वारंवार घडू लागले, तर आसाच्या बेअरिंगवर आघात होऊन टर्बो निकामी होऊ शकतो. कानाला गोड वाटणारा हा ध्वनी यंत्राच्या दृष्टीने त्रासाचे लक्षण असतो.

पेट्रोलवरील टर्बो गाड्यांमध्ये गिअर बदलताना ‘फुस्स’ असा सुटकेचा आवाज येतो. त्या गाड्यांत हवा अडवणारी झडप असते आणि ती बंद होताच अडकलेली हवा दुसऱ्या झडपेतून सोडून द्यावी लागते. पारंपरिक डिझेल इंजिनात शक्तीचे नियंत्रण हवेने नव्हे, तर इंधनाच्या प्रमाणाने होते. म्हणून डिझेल गाडीला या सुटकेच्या झडपेची गरज नसते. तरीही केवळ आवाजासाठी विजेवर चालणारी अशी झडप डिझेल पिकअपवर बसवली जाते. धुराच्या नळीच्या तोंडाशी बसवायची स्वस्त शिट्टीही बाजारात मिळते. तिचा टर्बोशी काडीमात्र संबंध नसतो.

गर्जनेचे गणित

एक्झॉस्टचा आवाज वेगळ्या रीतीने जन्मतो. प्रत्येक सिलिंडरमधील झडप उघडली, की दाबाखालील वायूंचा एक धक्का नळीत शिरतो. सहा सिलिंडरच्या चार-फेरी इंजिनात प्रत्येक आवर्तनाला तीन धक्के बसतात. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ९० धक्के, म्हणजे ९० हर्ट्झचा खर्ज निर्माण होतो. असा खोल आवाज भिंती आणि बंद खिडक्यांतूनही आत शिरतो. दूरची गाडी दिसण्याआधी छातीत जाणवते ती यामुळेच.

या धक्क्यांची धार प्रथम टर्बाइन बोथट करते. कारण वायूंची काही ऊर्जा ते शोषून घेते. उरलेले काम सायलेन्सर करतो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात भोके पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतूंसारखे ध्वनी शोषणारे तंतू भरलेले असतात. दुसऱ्यात अनेक कप्पे असतात. ध्वनिलहरी या कप्प्यांत आपटून परततात आणि एकमेकींना छेद देऊन क्षीण होतात. पहिला प्रकार वायूंना मोकळी वाट देतो, तर दुसरा खर्ज अधिक परिणामकारकपणे दाबतो.

आवाज बदलण्याचे मार्ग

प्रचलित मार्ग साधारण चार आहेत. पहिला, हवा आत घेण्याच्या बाजूचा. मूळ बंद डबी आणि तिच्यातील ध्वनिशामक कप्पे काढून उघडी गाळणी बसवली, की टर्बोची शिट्टी बाहेर ऐकू येऊ लागते. यात इंजिनाला फारशी इजा होत नाही. मात्र गाळणी निकृष्ट असेल, तर धूळ आत जाऊन कंप्रेसरची पाती झिजतात. भारतातील धुळीच्या रस्त्यांवर हा धोका अधिक.

दुसरा मार्ग टर्बोतील चक्र बदलण्याचा. पात्यांची संख्या आणि वळण बदलले, की स्वर बदलतो. हे काम अत्यंत सूक्ष्म समतोलाचे आहे. सेकंदाला हजारो फेरे घेणाऱ्या आसावर किंचितही असमतोल राहिला, तर बेअरिंगचे आयुष्य झपाट्याने घटते.

तिसरा मार्ग सायलेन्सर बदलण्याचा आणि चौथा तो पूर्णपणे काढून सरळ नळी जोडण्याचा. या शेवटच्या उपायाने गर्जना मिळते; पण तिच्यासोबत एक अनपेक्षित त्रासही येतो. महामार्गावर ठरावीक गतीला केबिनमध्ये सतत गुंजारव सुरू होतो, कारण नळीतील खर्ज आणि केबिनमधील हवेची कंपने जुळतात. तासाभरातच डोके जड होते. त्यावर उपाय म्हणून नळीला एका बाजूने बंद असलेली फांदी जोडतात. तिची लांबी त्या ध्वनिलहरीच्या एक चतुर्थांश ठेवली, की परतणारी लहर मूळ लहरीला मारते. ९० हर्ट्झसाठी तप्त वायूंमध्ये ही लांबी सव्वा ते दीड मीटर भरते. आवाज वाढवण्यासाठी केलेला खर्च आणि तोच आवाज आवरण्यासाठी केलेला दुसरा खर्च, असा हा विचित्र व्यवहार आहे.

नळी वाटेतच तोडून केबिनखाली सोडणे तर धोकादायकच. धुरातील विषारी वायू गाडीत शिरण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

आवाज म्हणजे शक्ती नव्हे

सायलेन्सर काढल्यावर गाडी ‘पळू लागते’, असा अनेकांचा समज असतो. टर्बाइनच्या पुढील वाट मोकळी असणे टर्बो इंजिनाला लाभदायक असते, हे खरे. तथापि आधुनिक पिकअपचा मूळ सायलेन्सर पुरेसा रुंद असतो आणि तो बदलून मिळणारा लाभ अल्प असतो. डिझेल इंजिनाची शक्ती ठरते ती किती इंधन आणि किती हवा जाळली जाते यावर, आणि ते ठरवतो गाडीतील संगणक. आवाज दुप्पट झाल्याने चालकाला वेग वाढल्याचा भास होतो, इतकेच. मुळात १६० अश्वशक्तीची गाडी कर्कश होती आणि ४०० अश्वशक्तीची गाडी शांत आहे, यातच या समजाचे उत्तर आहे.

गाळणी काढली की...

येथवरचा विषय हौसेचा आणि शेजाऱ्यांच्या सहनशीलतेचा होता. खरा प्रश्न पुढे सुरू होतो. अमेरिकेत २००७ च्या मॉडेलपासून लागू झालेल्या मानकांमुळे डिझेल पिकअपमध्ये काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. पुढे नायट्रोजन ऑक्साइड घटवण्यासाठी युरियायुक्त द्रव वापरणारी यंत्रणाही जोडण्यात आली. डीपीएफ ही मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र चिनी मातीची रचना असते. तिची छिद्रे एकाआड एक बंद केलेली असल्याने वायूंना भिंतीतून झिरपून जावे लागते आणि काजळी मागे राहते. ती साचली, की सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून गाळणी स्वच्छ केली जाते.

ही गाळणी काजळीबरोबर आवाजही शोषते. त्यामुळे आधुनिक पिकअपमध्ये केवळ सायलेन्सर काढून जुन्या गाडीसारखी गर्जना मिळत नाही. गर्जनेच्या शोधात निघालेला वाहनधारक मग गाळणीपर्यंत पोहोचतो. ती नुसती कापून चालत नाही, कारण संवेदकांना बदल कळतो आणि संगणक इंजिनाची शक्ती कमी करतो. त्यासाठी संगणकाची आज्ञावलीही बदलली जाते. अमेरिकेच्या ‘स्वच्छ हवा कायद्या’नुसार प्रदूषण नियंत्रक यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे निषिद्ध आहे. तरीही असे बदल मोठ्या प्रमाणावर झाले.

तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये त्याचा अंदाज मांडला. आधीच्या सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून ही यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. या गाड्या त्यांच्या संपूर्ण आयुष्यात ५ लाख ७० हजार टनांहून अधिक अतिरिक्त नायट्रोजन ऑक्साइड आणि सुमारे पाच हजार टन सूक्ष्म कण हवेत सोडतील, असे संस्थेने म्हटले. हवेवरील परिणामाच्या दृष्टीने हे रस्त्यावर ९० लाखांहून अधिक नव्या, नियमानुसार चालणाऱ्या डिझेल पिकअपची भर पडण्यासारखे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मनुष्यात कर्करोगास निश्चित कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आवाज क्षणात विरतो. हा धूर मात्र फुप्फुसांत राहतो.

कान आणि शेजार

आवाजाची मोजणी डेसिबलमध्ये होते आणि ही पट्टी फसवी आहे. तीन डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट, तर दहा डेसिबलची वाढ म्हणजे दहापट. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सहन करण्याची मर्यादा आहे. ८८ डेसिबलला ती चार तास, ९१ ला दोन तास आणि ९४ ला एकच तास उरते. दीर्घ प्रवासात सरळ नळीची गाडी चालवणारा चालक शेजाऱ्यांआधी स्वतःच्या कानांचे नुकसान करून घेत असतो. आतील कानातील नाजूक पेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा वाढत नाहीत.

अशा गाड्यांविरुद्ध तेथील राज्येही कठोर होत गेली. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये संमत झालेल्या कायद्याद्वारे बेकायदा एक्झॉस्ट बदलांसाठीचा कमाल दंड एक हजार डॉलरपर्यंत वाढवला.

भारतातील नियम

भारतात या विषयावरील तरतुदी स्पष्ट आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनाला एक्झॉस्टचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ रचनेपासून भिन्न ठरेल असा बदल करण्यास मनाई करते. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना मूळ रचनेशी विसंगत बदल अमान्य ठरवले.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही वाढवण्यात आली. कलम १९० खाली ध्वनी आणि वायुप्रदूषणविषयक मानकांचा भंग करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तसेच तीन महिन्यांसाठी वाहन परवान्यास अपात्रता, अशी तरतूद करण्यात आली. बेकायदा फेरबदल करणाऱ्या वाहनमालकासाठी स्वतंत्र दंड ठेवण्यात आला.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ही मर्यादा परिसरातील सरासरी आवाजाची असते, एका वाहनाची नव्हे. तरीही मध्यरात्री जाणारी एकच गर्जणारी गाडी अनेक घरांतील आजारी, वृद्ध आणि तान्ही बाळे यांना जागे करते. शांततेने जगणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील ध्वनिप्रदूषणविषयक निकालात म्हटले आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोड रोलर फिरवल्याची दृश्ये नागरिकांनी पाहिली आहेत.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांमध्ये काजळीची गाळणी येथेही आली. अमेरिकेतील अनुभव भारतासाठी बोधप्रद आहे तो याच कारणाने. शहरात सतत कमी वेगाने चालणाऱ्या गाडीची गाळणी वारंवार तुंबते. ती काढून टाकण्याचा सल्ला मिळाल्यास तो धुडकावणे आणि गाडी काही वेळ महामार्गावर स्थिर गतीने चालवून, अथवा अधिकृत सेवा केंद्रात नेऊन, गाळणी स्वच्छ करून घेणे हाच योग्य मार्ग होय.

वाहनधारकांनी काय ध्यानात घ्यावे?

टर्बोच्या आवाजाकडे हौस म्हणून नव्हे, तर लक्षण म्हणून पाहिले, तर तो फार उपयोगी ठरतो. नेहमीची मंद शिट्टी अचानक सायरनसारखी झाली, तर दाबलेल्या हवेची नळी फाटलेली किंवा बेअरिंग झिजलेले असू शकते. काळा धूर आणि घटलेली शक्ती हवेच्या गळतीकडे बोट दाखवतात, तर निळसर धूर इंजिन तेल जळत असल्याचे सुचवतो. इंजिनाजवळ ‘टिकटिक’ ऐकू आली, तर टर्बाइनच्या अलीकडे धुराची गळती असण्याचा संभव असतो. घाट चढून आल्यावर किंवा जड ओझे ओढल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे तसेच चालू ठेवावे. तप्त बेअरिंगमधील तेल करपत नाही आणि टर्बोचे आयुष्य वाढते. सायलेन्सर बदलणे आवश्यकच असेल, तर उत्पादकाने मान्य केलेला भाग घ्यावा आणि गाळणी व उत्प्रेरक यंत्रणेला हात लावू देऊ नये. अमान्य बदलांमुळे वाहनाची वॉरंटी आणि विम्याचा दावा या दोन्हींत अडचणी येऊ शकतात.

टर्बोचार्जर मुळात वाया जाणारी ऊर्जा कामी आणण्यासाठी जन्मला. कानावर पडणारा आवाज हाही वाया गेलेल्या ऊर्जेचाच एक अंश असतो. जे इंजिन कमीत कमी आवाजात अधिकाधिक ओझे ओढते, तेच खऱ्या अर्थाने सामर्थ्यवान म्हटले पाहिजे.